चामराजपेट, तू सांग

आमच्या मॅडमना विद्यार्थ्यांची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. रोगांची राहत, औषधांची राहत, वॉर्डातल्या पेशंटच्या सुनेचं माहेर कुठलं हेसुद्धा राहत असे. फक्त आमची नावं तेवढी राहत नसत. त्यावर त्यांनी आपल्यापुरता उपाय शोधला होता. जो जिथून येतो ते त्याचं नाव. त्यामुळं मेडिसिनच्या वॉर्डातली सकाळची हजेरी सिटी बसच्या कंडक्टरनं घेतल्यासारखी वाटे. "मारतहळ्ळी आला काय? नाही ना? तो उशिरा येणार हे मी त्याची नाडी न बघता सांगते. सर्जापूर रोड, तो फोन आत ठेव. चामराजपेट, तू सांग."

चामराजपेट म्हणजे मी. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं यावर आमच्यात अजून वाद होतात. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून आलेला पाहुणा जेवायला बसेपर्यंत गोंधळून गेलेला असतो. वडील अप्पा, थोरला भाऊ अण्णा, आणि दोघंही कापडाच्या दुकानात. घरात डॉक्टर व्हायला निघालेली मी पहिलीच, त्यामुळं पहिल्या वर्षापासूनच गल्लीतल्या सगळ्यांची गुडघेदुखी माझ्याकडे यायला लागली होती.

मॅडम बेळगावजवळच्या खानापूरकडच्या. बुटक्या, ठसठशीत, अंबाड्यात खोचलेलं पेन दिवसभर शोधणाऱ्या. एप्रनच्या खिशात कायम भाजलेल्या शेंगा. राउंड चालू असताना त्या शेंगा फोडत आणि टरफलं दुसऱ्या खिशात टाकत. एकदा त्या खिशातून स्टेथोस्कोप काढून त्यांनी एका आजोबांच्या छातीला लावला तर टरफल आजोबांच्या पोटावर पडलं. आजोबा घाबरून म्हणाले, "अम्मा, हे माझ्यातून निघालं काय?" मॅडम म्हणाल्या, "हो, आता बरं वाटेल." आणि त्यांना खरंच बरं वाटलं, निदान त्या दिवसापुरतं.

त्यांचा एकच मोठा दोष होता आणि तो आम्ही सगळ्यांनी गुण म्हणून सोसला होता. त्या कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसत. समोरच्यानं तोंड उघडलं की उरलेलं वाक्य मॅडमचं. कँटीनवाला "मॅडम, आज..." म्हणाला की "इडली संपली, माहितीये, दोसा दे." पेशंट "रात्री झोपताना..." म्हणाला की "दम लागतो, दोन उशा लागतात, पाय सुजतात." पंचाईत अशी की त्या बहुतेक वेळा बरोबर असत. इडली खरंच संपलेली असे आणि पेशंटचे पाय खरंच सुजलेले असत. इतकं बरोबर असणाऱ्या माणसाला गप्प बसायला सांगायचं कुणी?

आमच्या वेळी वैद्यकीय शिक्षणात परीक्षेच्या नव्या पद्धती आल्या. तोवर परीक्षा म्हणजे भलामोठा पेपर आणि टेबलापलीकडं बसलेल्या दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. आता म्हणे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काम करताना बघायचं. एका मोठ्या खोलीत टेबलं मांडायची, प्रत्येकावर वेगळं काम. एकावर रक्तदाब मोजा, एकावर एक्स-रे बघा, एकावर खोटा पेशंट बसलेला, त्याच्याशी बोला. घंटा झाली की पुढच्या टेबलावर. शिवाय एरवी वॉर्डातही कुणीतरी शेजारी उभं राहून तुम्ही पेशंट कसा तपासता ते बघणार आणि तिथल्या तिथं सांगणार. शिवाय अनुभवातून काय शिकलात ते लिहून द्यायचं.

आमचं धाबं दणाणलं. पेपरात पानं भरता येतात, पण पोट तपासताना थरथरणारा हात कुठं लपवणार? मारतहळ्ळी म्हणाला, "अरे, पूर्वी वर्षातून एकदा अब्रू जायची, आता रोज हप्त्यानं जाणार." जुने सर लोक तर उघड हसत. त्यांच्या मते हे सगळं नाटक होतं. मॅडमही आधी त्यांच्यातच होत्या. पण प्रशिक्षणाला म्हणून त्यांना कुठंतरी पाठवलं आणि तिथून त्या परत आल्या त्या पार बदलूनच. "नाटक आहे ना? मग नीट करूया की," म्हणाल्या, आणि खोटा पेशंट व्हायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मग आमच्या कॉलेजात जे सुरू झालं ते कुठल्याही पुस्तकात नसेल. घंटेला त्यांचा विरोध होता. घंटा देवळात, म्हणायच्या. शाळेत असताना त्या खो-खो खेळायच्या, तेव्हा टेबल बदलायची वेळ झाली की त्या खुर्चीतूनच ओरडत, "खो!" आणि आम्ही एप्रन सावरत पुढच्या टेबलाकडे धावायचो. दोन पोरं एकमेकांवर आपटली की त्या फाउल द्यायच्या.

भूमिकेची तयारी त्या घरी करत. एक दिवस त्यांचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले अगदी शांत गृहस्थ, त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला विभागात आले होते. आम्हाला बघून म्हणाले, "तुमची ती परीक्षा कधी आहे हो? परवापासून हिच्या पित्ताशयात खडे झालेत. घरात तळण बंद. उजव्या बाजूला हात धरून फिरते. लवकर घेऊन टाका, म्हणजे मला पुरी मिळेल."

आणि मार्क? मार्कांचा कागद त्या भरत, पण त्यांचा खरा निकाल वेगळाच असे. तपासणी संपली की त्या पेशंटच्याच आवाजात सांगत, मी तुझ्याकडे परत येईन की नाही. "येईन" म्हणजे पास. "बघते, सवड झाली तर" म्हणजे काठावर. "पुढच्या वेळी माझ्या जावेला पाठवते" याचा अर्थ मात्र आम्हाला बरेच दिवस कळला नव्हता. मारतहळ्ळी तो शेरा मिळाला म्हणून सगळ्यांना वडे खाऊ घालून आला. पुढं कळलं की मॅडमचं आणि त्यांच्या जावेचं पार फाटलेलं होतं आणि तिचं वाईट व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती.

लिहून द्यायच्या अनुभवांचं काय झालं तेही सांगते. पहिल्याच महिन्यात खाट नंबर सातवरच्या एका आजोबांच्या सहनशीलतेनं अर्ध्या वर्गाच्या मनाला सारख्याच शब्दांत स्पर्श केला. एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. मॅडमनी ते सगळे कागद शांतपणे वाचले आणि म्हणाल्या, "सातवरचे आजोबा मागच्या आठवड्यात सगळ्यांना शिव्या घालून पळून गेले. तुमच्या मनाला नेमका कशाचा स्पर्श झाला?" तेव्हापासून कागद फक्त फाइलला लावण्यापुरते राहिले. खरा अनुभव जिन्यात सांगायचा असा नियम झाला. मॅडम तळमजल्यापासून वरच्या वॉर्डापर्यंत जिना चढत आणि बरोबर एक विद्यार्थी घेत. चढता चढता त्यानं आज आपलं काय चुकलं ते बोलायचं. त्यांचं म्हणणं असं, की जिना चढताना खोटं बोलण्याइतका दम माणसात उरत नाही. मी एकदा लिफ्ट का नको विचारलं, तर म्हणाल्या, "लिफ्टमध्ये लोक एकमेकांना चांगलंच म्हणतात."

बाकीच्यांना मजा यायला लागली होती. मला मात्र नाही, कारण माझी अडचण वेगळीच होती.

मला येत होतं, पण बोलता येत नव्हतं. समोर परीक्षक बसला आणि त्यानं प्रश्न विचारला की उत्तर डोक्यात तयार असे, पण तोंडाला कुलूप. मी मुळात सावकाश बोलणारी. आधी वाक्य जुळवते, मग उच्चारते. घरी अण्णा माझी वाक्यं पुरी करतो, दुकानात गिऱ्हाईक करतं, आणि परीक्षेत परीक्षक. एकदा का समोरच्यानं "म्हणजे असं म्हणायचंय का" म्हटलं की माझ्या हातातला धागा सुटतो आणि मग काहीच सापडत नाही. दुसऱ्या वर्षी पेपरात उत्तम मार्क असूनही तोंडी परीक्षेत मी नापास झाले होते. पुरवणीला कशीबशी निघाले. शेवटच्या वर्षी तसंच झालं तर काय, याचा विचार करकरून माझी झोप उडाली होती. नापास होण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती ही होती की जिला बोलता येत नाही तिनं डॉक्टर व्हावंच कशाला. ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती. सांगायला तरी बोलावं लागतं ना.

अशात आमची सराव परीक्षा आली. मॅडम त्या दिवशी खेड्यातली म्हातारी झाल्या होत्या. कपाळावर मोठं कुंकू, तोंडात खोटा विडा, आणि मराठीचा एक शब्द येत नाही असा आव. मी समोर बसले. "काय होतंय, अम्मा?" असं कन्नडमध्ये विचारलं, इतकं मला जमायचं.

"स्वल्प एदे उरी, डॉक्टरे," त्या म्हणाल्या. छातीत जरा जळजळतंय.

मला हायसं वाटलं. स्वल्प! आमच्या घरात दिवसभर स्वल्प चालतं. स्वल्प भात वाढ, स्वल्प सरक, स्वल्प थांब. हा शब्द मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. थोडी जळजळ, म्हणजे पित्त. मी जेवणाखाण्याचं विचारलं, तिखट कमी करा म्हटलं, गोळी लिहिली, आणि वेळेच्या आत संपवलं म्हणून मनात खूशसुद्धा झाले.

मॅडमनी गोळी घेतल्याचा अभिनय केला, दोन्ही हात छातीवर ठेवले, मान टाकली आणि म्हणाल्या, "सत्तोदे."

म्हणजे मेले.

मला वाटलं थट्टा आहे. पण त्या उठेनात. डोळे मिटलेले तसेच ठेवून मराठीत म्हणाल्या, "हार्ट अटॅक होता. साखरेची पेशंट होते, तू विचारलं नाहीस. आता बाहेर माझा मुलगा बसलाय, त्याला जाऊन सांग." मुलगा म्हणून पुढच्या टेबलावरच्या मारतहळ्ळीला उभं केलं. तो हसायला लागला. प्रेतानं दटावलं, "हसतोस काय, आई गेलीय तुझी." मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि नेहमीचंच झालं. एक शब्द फुटेना. नुसते डोळे भरून आले. शेवटी मेलेल्या बाईनंच पडल्या पडल्या "खो" म्हटलं आणि माझी सुटका झाली.

माझ्या मागून सर्जापूर रोड आली. ही पोरगी बारावीनंतर आईवडिलांच्या नोकरीमुळं पुण्याहून इथं आलेली. तिचं कन्नड म्हणजे रिक्षावाल्याला डावं-उजवं सांगण्यापुरतं. म्हातारी तिला तेच म्हणाली, "स्वल्प एदे उरी." तिनं हात जोडले आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये म्हणाली, "अम्मा, मला तुमची भाषा नीट येत नाही. हे स्वल्प म्हणजे किती? हातानं दाखवा ना." म्हातारीनं मूठ वळली आणि छातीवर दाबून धरली. मग खांद्यापासून हातापर्यंत बोट फिरवलं. सर्जापूर रोडनं लगेच उठून ईसीजी मागितला. मॅडम जिवंत राहिल्या आणि "येईन, माझ्या आईलासुद्धा आणीन" म्हणाल्या. हा त्यांचा सगळ्यात वरचा शेरा होता.

परीक्षा संपल्यावर त्यांनी आम्हाला भोवती बसवलं. कुंकू अर्धं पुसलेलं, विडा थुंकून टाकलेला. म्हणाल्या, "इथली माणसं स्वल्प म्हणतात ते मापानं नव्हे, संकोचानं. डॉक्टरला कशाला त्रास द्या म्हणून. हातपाय तुटला तरी स्वल्प म्हणतील. ज्याला भाषा येत नव्हती त्यानं विचारलं. ज्यांना येत होती त्या सगळ्यांच्या हातून मी मेले." मग माझ्याकडे बघून मराठीत, फक्त आम्हा दोघीतिघींना कळेल असं म्हणाल्या, "शाळेत स्वल्पविराम शिकलीस की नाही? मग स्वल्प ऐकलं की विराम घ्यायचा." आज मी हॉस्पिटलात काम करते तेव्हा हा एक शब्द ऐकला की माझं पेन आपोआप थांबतं. त्यासाठी मॅडमना एकदा मरावं लागलं.

पण त्या दिवशी मला त्यातलं काही गोड लागलं नाही. चूक सुधारता येते, पण मारतहळ्ळीसमोर जे झालं त्याचं काय? खोट्या मुलाला खोटी बातमी सांगता येत नाही, तिला खरं कुणाला काय सांगता येणार? दुसऱ्या दिवशी मी मॅडमना जिन्यात गाठलं. अप्पांना अजून बोलले नव्हते, पण ठरवून टाकलं होतं.

"मॅडम, मी हे सगळं..."

"सोडतीस," त्या म्हणाल्या. एक पायरी चढून थांबल्या. "कालच कळलं मला. सरी, ठीक आहे. सोड. पण त्याआधी एक काम कर. मी रोज तुमची परीक्षा घेते, माझी कुणी घेत नाही. उद्या दुपारी वॉर्डाशेजारची खोली रिकामी असते. तू पेशंट हो, मी डॉक्टर. जाता जाता माझा निकाल लावून जा."

मला वाटलं, समजूत घालायची ही एक रीत असेल. पण दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच टेबल मांडून, समोर मार्कांचा कागद ठेवून बसल्या होत्या. आज शेंगासुद्धा नव्हत्या. कुठलाही आजार घे म्हणाल्या. मला काही सुचेना. मग जे होतं तेच म्हटलं.

"डॉक्टर, माझ्या घशात काहीतरी अडकतं."

"जेवताना? पाणी पिताना?"

"नाही, बोलताना. म्हणजे कधी कधी..."

"आवाज बसतो. थायरॉइड तपासलंय काय?"

"नाही, तसं नाही. आवाज आहे. पण समोर कुणी..."

"असलं की टेन्शन येतं. झोप लागत नाही ना? भूक? वजन उतरलंय, दिसतंच आहे. काही घाबरू नका, रक्त तपासू, घशातून नळी घालून बघू, आणि ही एक गोळी रात्री." त्यांनी कागदावर लिहिलंसुद्धा. मग पेन अंबाड्यात खोचलं आणि हात बांधून विचारलं, "बोला. परत येणार काय माझ्याकडे?"

मी म्हटलं, "नाही."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. बहुधा "येईन" ऐकायची त्यांना सवय असावी. "का म्हणून? तपासण्या बरोबर सांगितल्या. गोळी बरोबर..."

"मॅडम," मी म्हटलं, "मी तेच सांगत होते, आणि तुम्ही बघा, आत्तासुद्धा..."

त्यांनी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

कुठून बळ आलं कोण जाणे, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित पेशंट होते म्हणून. पेशंटला नापास करता येत नाही. मी म्हटलं, "बोलताना नेमकं कधी अडकतं हे तुम्ही विचारलंच नाही. मी वाक्य जुळवत असते आणि समोरचा ते पुरं करून टाकतो, तेव्हा अडकतं. घरी असंच होतं, परीक्षेत असंच होतं, आणि मॅडम, वॉर्डात रोज असंच होतं. तुम्ही म्हणता, चामराजपेट, तू सांग. मग तुम्हीच सांगता. तुमचं बरोबरच असतं. पण माझं वाक्य माझ्याजवळच राहून जातं. आज मी ते सांगायला आले होते आणि तुम्ही मला गोळी दिलीत."

एका दमात इतकं मी त्याआधी कुणाशीच बोलले नव्हते. आता या बाई मला उभ्याउभ्या हाकलणार, असं वाटलं.

मॅडमनी मार्कांचा कागद ओढला, स्वतःच्या नावापुढं काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, "सरी." इतकंच. नेहमीसारखं पुढं काही येईल म्हणून मी थांबले, पण आलं नाही. दाराशी पोचल्यावर त्या मागून म्हणाल्या, "उद्या राउंडला ये."

मी गेले. सोडायचं ते राहूनच गेलं. अभ्यास होताच, आणि खरं सांगायचं तर थोडी उत्सुकताही होती. मॅडम काही एका रात्रीत मौनी बाबा झाल्या नव्हत्या. कँटीनवाल्याचं वाक्य तोडणं चालूच होतं, आम्हा बाकीच्यांचंही. स्वभाव काही असा जात नसतो. पण त्यानंतर त्यांनी मला वॉर्डात पेशंट तपासताना बघायचा सपाटा लावला. शेजारी उभ्या राहत, नंतर जिन्यात त्यातलं काय जमलं नि काय नाही ते ठोकून सांगत, आणि पुन्हा दुसऱ्या पेशंटकडे पिटाळत. पेशंट मला घाई करत नसत. त्यांच्याशी बोलता बोलता माझी जीभ सैल व्हायला लागली. ज्या बघण्याला आम्ही इतके घाबरलो होतो, त्याचं मला बळ वाटायला लागलं. वर्षातून एकदा कुणीतरी परका येऊन मला तोलणार, त्यापेक्षा रोज कुणीतरी माझ्याकडे नीट बघतंय हे किती बरं!

मग शेवटची परीक्षा आली, विद्यापीठाची. ती मात्र जुन्याच वळणाची. बाहेरगावचे परीक्षक, नाकावर चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. शेजारी आमच्या कॉलेजच्या परीक्षक म्हणून मॅडम. मला पेशंट मिळाले होते एक थकलेले सुतारकाका, पाय सुजलेले, धाप लागलेली. त्यांच्याशी मी छान बोलले होते. त्यांचं सगळं मला पाठ नव्हतं, कळलं होतं.

मी सगळं नीट सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला. "या माणसाची धाप हृदयाची की फुप्फुसाची? आणि तुमच्याकडे कारण काय?"

आणि झालं. उत्तर डोक्यात होतं, पण ते तिथून खाली उतरेना. मी वाक्य जुळवायला लागले आणि सरांच्या भुवया वर जाताना दिसल्या. सुतारकाका माझ्याकडे काळजीनं बघत होते. माझी वर्षं, अप्पांनी दुकानात ज्याला त्याला सांगून ठेवलेलं सगळं, त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं, आणि घशात तेच जुनं.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांना उत्तर माहीत होतं. मला ते माहीत आहे हेही माहीत होतं. त्यातला पहिला शब्द जरी त्यांनी पुटपुटला असता तरी मी पुढचं घडाघडा म्हटलं असतं, आणि ते माझं नसतं. मॅडमनी साडीचा पदर पुढं ओढून त्याचा बोळा केला होता आणि तो दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता. डोळे मोठे झाले होते, चेहरा लाल. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या बाईंना उचकी लागली आहे. सर म्हणाले, "वेल, नेक्स्ट..." मॅडमनी एक हात सोडवून सरांपुढं उभा धरला. बोलल्या नाहीत. नुसता हात, आणि दुसऱ्यानं पदर तसाच दाबलेला. सर थांबले.

त्या गप्प राहिल्या आणि मला वेळ मिळाला. मी वाक्य जुळवलं. पहिलं, धाप हृदयाची आहे हे, शब्द-शब्द करत आलं, दुसरं त्याच्या मागून, मग मानेतल्या शिरा, पायांची सूज, रात्रीच्या दोन उशा, सगळं एकामागून एक. शेवटी सरांनीच "इनफ, इनफ" म्हटलं. चेहऱ्यावरची माशी थोडी हलली असं मला वाटलं. मी पास झाले हे पुढं कळलं, पण खोलीबाहेर पडतानाच मला माहीत होतं की आता मी डॉक्टर होणार.

संध्याकाळी कॉलेजच्या गेटबाहेरच्या बस स्टॉपवर मी उभी होते तर मॅडम भराभरा चालत आल्या. दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. मी कुठं अडखळले, कुठं छान बोलले, सरांनी तिसरा प्रश्न विचारायला हवा होता तो का नाही विचारला, सुतारकाकांना कुठली गोळी द्यायला हवी, माझं इंग्रजी कुठं सुधारायला हवं, पदर कसा चुरगळला, आणि यजमान आता काय म्हणतील. एक बस आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. मॅडम बोलत होत्या. मी त्यांना एकदाही तोडलं नाही. लांबून तिसरी बस दिसायला लागली तेव्हा त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि मी घाईघाईनं सुरुवात केली.

"मॅडम, तुमच्यामुळं मी..."

"पास होणार, आणि ते तुझ्या अभ्यासामुळं," त्या म्हणाल्या. "चढ बघू, बस सुटेल."

मला ते म्हणायचं नव्हतं. तुमच्यामुळं मी बोलायला लागले, असं म्हणायचं होतं.